सुईत दोरा ओवता येत होता

"मॅडम, मशीन बंद आहे," मी म्हणालो.

इस्पितळातल्या एका अंधाऱ्या खोलीत मी हनुवटी पट्टीवर टेकवून बसलो होतो. समोर परातीएवढी पांढरी, खोलगट वाटी होती. उजवा डोळा झाकलेला. डाव्या डोळ्याने मधल्या खुणेकडे बघत राहायचं आणि वाटीत कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं, एवढंच काम. बटण उजव्या हातात होतं. डाव्या हातात बेडी होती आणि तिचं दुसरं टोक मागे उभ्या असलेल्या पोलिसाच्या हातात होतं. मी ठिपक्याची वाट बघत होतो. ठिपका काही येईना.

"मशीन चालू आहे," तपासणाऱ्या बाई कन्नडमध्ये म्हणाल्या. "ठिपके केव्हाचे येताहेत. तुम्ही खुणेकडे बघा."

मी पुन्हा खुणेकडे बघितलं. वाटी कोरीच. माझ्या बोलण्यावर हसणारा मागचा पोलीसही थांबला असावा, कारण बेडीची साखळी हलायची बंद झाली.

मग डॉक्टरबाईंनी समोर बसवलं. "ग्लॉकोमा आहे," त्या म्हणाल्या. "डाव्या डोळ्याचं जवळजवळ संपलंय. उजव्यात मधला भाग तेवढा शिल्लक आहे. आता तो वाचवायचा. फार उशीर केलात."

"पण डॉक्टर, मी सुईत दोरा ओवतो," मी म्हणालो. "चष्म्याशिवाय. काल दुपारीसुद्धा ओवला."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ते सगळ्यात शेवटी जातं," त्या म्हणाल्या.

हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय. अक्षर बरं आहे, ओळ सरळ आहे. त्यावरून माझे डोळे चांगले आहेत असं समजू नका. तीच चूक आमच्या घराने केली, तुरुंगाच्या डॉक्टरांनी केली आणि सगळ्यात आधी मी केली. ज्यांचं कोणी आत आहे आणि ज्यांना वाटतं की आतला माणूस चालतोय, बोलतोय, म्हणजे ठीक आहे, त्यांच्यासाठी हे लिहिणं आहे.

मी आत का होतो ते इथे येणार नाही. केस चालू आहे आणि वकिलांनी तोंडाला टाका घालायला सांगितलंय. मी शिंपी आहे, टाक्याचं महत्त्व मला सांगायला नको.

आधी आजार सांगतो. ग्लॉकोमाला आपण काचबिंदू म्हणतो. मोतीबिंदू वेगळा, तो काढता येतो. काचबिंदूत डोळ्याच्या आतलं पाणी नीट वाहून जात नाही, दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. दुखत नाही. लाल होत नाही. नजर कडेकडून जाते आणि मधली तशीच राहते. साडीचा काठ विरत विरत आत यावा आणि मधलं कापड कोरं करकरीत दिसावं, तसं. गेलेलं परत येत नाही. औषधाने नि ऑपरेशनने फक्त उरलेलं राखता येतं.

आमचं घर इथेच, कन्नड मुलखात, चामराजपेटेत. किती पिढ्यांपासून ते कोणालाच माहीत नाही, पण मराठी अजून टिकून आहे आणि मशीन अजून चालतं. घरात मी आणि माझी थोरली बहीण शकुअक्का. माझी बायको लवकर गेली, अक्काचे यजमानही गेले, म्हणून दोघं मिळून ब्लाउजचं दुकान चालवायचो. कापणी माझी, हुक, काजं आणि गिऱ्हाइकाशी भांडण अक्काचं.

आमच्या घरात एक रीत आहे. आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मशीन पुसून, हार घालून मांडलं की त्यापुढे प्रत्येकाने एकेक बारीक सुई ठेवायची. पण रिकामी सुई देवापुढे ठेवायची नाही. ज्याची त्याने ओवायची. ज्याला चष्म्याशिवाय पहिल्या झटक्यात जमलं त्याचे डोळे ठणठणीत, असं घरात धरतात. "डोळ्यांचं सुईला विचारायचं, डॉक्टरला नाही," असं आमचे वडील, अप्पा, म्हणायचे. अप्पांनी म्हातारपणीसुद्धा पहिल्या झटक्यात सुई ओवली. त्याच वर्षात ते गल्लीत उभ्या असलेल्या हातगाडीवर जाऊन आपटले, आणि मग आपटतच राहिले. शेवटी कोपऱ्यात बसून असायचे. वय झालं, असं आम्ही म्हणालो.

मीही तुरुंगात जायच्या आधीपासून आपटत होतो. बाजूला ठेवलेल्या कॉफीच्या पेल्याला कोपर लागायचं. चिकपेटेच्या बाजारात अस्तराचं कापड आणायला गेलो की हमाल ओरडायचे. अक्का म्हणायची, "माधवा, सासुरवाडीला चाललायस काय रे, असा हवेत?" दसरा आला की सुई ओवून दाखवायचो आणि विषय संपायचा.

बाहेर असं आपटणं चालून जातं. पेला फुटला तर दुसरा येतो. आत नाही.

बराकीत माणसं चटईला चटई लावून झोपतात. प्रत्येकाची हद्द वीतभर असते आणि त्या वीतभरासाठी डोकी फुटतात. मी गेल्या गेल्या कोणाच्या तरी अंथरुणावर पाय दिला. मग दुसऱ्याच्या ताटाला लाथ लागली. मग बराकीवर ज्याची हुकूमत होती त्याच्या हातातला चहा माझ्या खांद्याने त्याच्याच अंगावर सांडला. "दिसला नाहीत," मी म्हणालो. तो माझ्या डाव्या हाताला, इतका जवळ उभा होता की ही माफी नसून शिवी आहे असं त्याला वाटलं. त्यानंतर काय झालं ते माझ्या बरगड्यांना माहीत आहे.

एकदा साहेबांची फेरी आली. सगळे हात बांधून उभे. साहेब माझ्या बाजूला येऊन काहीतरी विचारत होते आणि मी सरळ समोर बघत होतो. वॉर्डरची थप्पड बसली तेव्हा मला कळलं की तिथे कोणीतरी आहे. थप्पड येतानाही दिसली नव्हती. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. माराची सवय होते हो. पण मार कुठून येणार तेच कळेनासं झालं की माणूस दिवसभर खांदे वर उचलून चालतो.

माझ्या शेजारी मंजुनाथ झोपायचा. तो रिक्षावाला. बडबड्या, पण जीवाला जीव देणारा. त्यानेच मला तुरुंगातल्या दवाखान्यात ओढत नेलं.

तिथले डॉक्टर वाईट नव्हते. बाहेर ही रांग होती: खरूजवाले, खोकलेवाले, एक पाय नसलेला म्हातारा ज्याची काठी तपासणीत काढून घेतली होती आणि जो भिंतीला धरून उड्या मारत यायचा. डॉक्टरांनी मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी शेवटच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचली. आणि वर शहाणपणा केला. म्हणालो, "सुई असेल तर द्या, ओवून दाखवतो."

डॉक्टर हसले. "शिलाई विभागात दिवसभर काम करतोस, अक्षरं माझ्यापेक्षा चांगली वाचतोस. मग बाहेरच्या इस्पितळात कशाला जायचंय? हवा खायला?"

हवा खायला जाणारेही असतात, नाही असं नाही. त्यांच्यापायी बाकीचेही त्याच मापात कापले जातात. मला तर उलट बरं वाटलं. डोळे चांगले आहेत असं डॉक्टरच म्हणाले! बाहेर येऊन मी मंजुनाथला तसं सांगितलं आणि सांगता सांगता दाराच्या चौकटीवर कपाळ फोडून घेतलं.

पुढे कोर्टात नेलं तेव्हा उलगडा झाला. आरोपीच्या पिंजऱ्यातून उतरताना बाजूची पायरी दिसली नाही आणि मी न्यायाधीशांच्या समोर पालथा पडलो. त्यांनी विचारलं, "दिसत नाही का?" मी म्हणालो, "दिसतं की, साहेब." मागून अक्का ओरडली, "नाही दिसत त्याला! खोटं बोलतोय!" कोर्टात ओरडायचं नसतं हे तिला कोणी शिकवलेलं नाही. न्यायाधीशांनी डोळे तपासून घ्या असा हुकूम दिला, आणि अशा रीतीने मी त्या पांढऱ्या वाटीसमोर जाऊन बसलो.

डॉक्टरबाईंनी त्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारला. "घरात आणखी कोणाला होतं?"

मी नाही म्हणणार होतो. मग अप्पांची हातगाडी आठवली. माझे पेले आठवले. "वडिलांना असावं," मी म्हणालो, आणि मला रडू आलं. पोलिसाने बेडीचा हात थोडा सैल सोडला, मला डोळे पुसता यावेत म्हणून.

"रक्तातून येतं हे. भावंडं असतील तर त्यांना लगेच तपासून घ्यायला सांगा," त्या म्हणाल्या.

अक्का पुढच्या मुलाखतीला भेटायला आली तेव्हा मी तिला सांगितलं. मुलाखतीची खोली म्हणजे मासळीबाजार. जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे घरची माणसं, सगळे एकदम बोलणार. अक्का आत आली आणि माझ्या समोरून सरळ पुढे निघून गेली. मी जाळीवर हात आपटून ओरडलो, "अक्का, इकडे! इकडे गं!" ती शेवटच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. "अय्यो, केवढी गर्दी रे ही," ती म्हणाली. मला हसू आलं. मी तिला बोळातून बघतोय आणि ती मला गर्दीत शोधतेय, छान जोडी आहे, म्हटलं.

"तूही डोळे दाखवून ये," मी म्हणालो.

"सरी सरी, ठीक आहे. आधी तुझं होऊ दे. मला काय झालंय? काल सगळी काजं चष्म्याशिवाय केली."

तिचं म्हणणं मला पटलं. खरंच पटलं. आत असलेल्या माणसाला वाटतं की आजार फक्त आत आहे.

आता औषधाचं सांगतो, कारण हे तुम्हाला उपयोगी पडेल. थेंब दोन प्रकारचे होते. एक सकाळ-संध्याकाळ, एक झोपताना. रोज, न चुकता, जन्मभर. चुकला की दाब वाढला. पण बाटली बराकीत ठेवायची परवानगी नव्हती. ती दवाखान्यात. झोपतानाचा थेंब कुलूप पडायच्या आधी, म्हणजे उन्हं असतानाच घ्यावा लागे. दवाखाना बंद असला की थेंबही बंद. बाटली संपली आणि नवीन आली नाही की कंपाउंडर हात उलटे करून दाखवायचा. अक्काने बाहेरून बाटली आणली तर ती गेटवर परत केली. मग वकील, अर्ज, कोर्टाचा हुकूम. तुमचं कोणी आत असेल तर पहिल्याच दिवशी इस्पितळाच्या चिठ्ठीची प्रत वकिलाकडे द्या आणि औषध बाहेरून द्यायची परवानगी मागून ठेवा. डोळा गेल्यावर मिळालेल्या परवानगीचा चष्मा होत नाही.

थेंबांनी दाब पुरेसा उतरला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करू. ट्रॅबेक्युलेक्टमी असं त्याचं नाव. बुबुळाच्या वरच्या कडेला पापणीखाली एक बारीक वाट करून देतात, आतलं पाणी तिथून झिरपतं आणि दाब उतरतो. "नजर वाढणार नाही," त्यांनी बजावलं. "आहे ती राहावी म्हणून करायचं. पण थांबू नका."

थांबणं माझ्या हातात थोडंच होतं! कैद्याला इस्पितळात न्यायला पोलिसांची तुकडी लागते. तिला सगळे एस्कॉर्ट म्हणतात. ऑपरेशनच्या दिवशी मी आंघोळ करून, उपाशीपोटी गेटजवळ बसलो. दुपारी निरोप आला: एस्कॉर्ट नाही, कोणीतरी मोठे पाहुणे शहरात आलेत, सगळे बंदोबस्ताला. पुढची तारीख मिळाली. त्या दिवशी मोर्चा होता. त्याच्या पुढच्या तारखेला एस्कॉर्ट आला, पण गाडी नव्हती. तिकडे इस्पितळात डॉक्टर तयार, टेबल तयार, आणि इकडे मी गेटजवळच्या बाकावर. दरवेळी अक्का इस्पितळाच्या दारात थर्मासमध्ये कॉफी घेऊन उभी असायची आणि संध्याकाळी तशीच परत जायची.

आणि नजर आत आत येत होती. मला ते कळायचं एका ठिकाणी. शिलाई विभागात माझ्या मशीनसमोर एक खिडकी होती, चार गजांची. आधी सुईकडे बघताना चारही गज दिसायचे. मग तीन. एका दुपारी दोनच राहिले आणि मी मशीन थांबवून बसलो. सुई मात्र स्वच्छ दिसत होती, अगदी तिच्या भोकासकट. मला त्या सुईचा असा राग आला की मी ती मोडून टाकली. मोडलेली सुई म्हणजे हत्यार, म्हणून झडती झाली. हा दुष्काळात तेरावा महिना.

शेवटी आमच्या वकिलाने न्यायाधीशांपुढे अर्ज केला, न्यायाधीश चिडले, आणि पुढच्याच तारखेला एस्कॉर्ट, गाडी, सगळं मिळालं. इतके दिवस ते कुठे होतं ते देवाला ठाऊक.

ऑपरेशन दुखलं नाही. नंतर वॉर्डात एक पाय कॉटला साखळीने बांधलेला होता. तेवढ्या एकदाच डॉक्टरबाई चढ्या आवाजात बोलल्या, पोलिसाला: "एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने दिसत नाही. हा पळून जाईल कुठे?" पोलीस म्हणाला, "मॅडम, ऑर्डर आहे." तोही खोटं बोलत नव्हता.

त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. डोळ्याला पाणी लागता कामा नये आणि धक्का लागता कामा नये. मग मला परत बराकीत पाठवलं, जिथे माणसं एकमेकांच्या कोपरात झोपतात.

मंजुनाथने मला भिंतीकडेला घातलं आणि स्वतः मध्ये झोपू लागला. भिंतीची जागा मिळवायला त्याने काय दिलं ते त्याने सांगितलं नाही. दिवसा तो माझ्या डाव्या बाजूने चालायचा. "माधवण्णा, मी तुझा साइड मिरर," म्हणायचा. पायरी आली, साहेब आले, खांब आला, सगळं पुटपुटत राहायचा. त्याचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडणार? तो अजून आत आहे. त्याच्या मुलाच्या शर्टाचं माप मी घेऊन आलोय.

उजव्या डोळ्याचं उरलेलं राहिलं. वैद्यकीय कारणावरून मला जामीन मिळाला, तो याच डोळ्यांमुळे. असं म्हणताना कसंसंच होतं, पण खरं आहे. घरी आलो तेव्हा दाराच्या चौकटीत उभं राहून मी एकेक वस्तू शोधली, कारण एकदम सगळं घर मला दिसत नाही. मशीन. मग कपाट. मग अप्पांचा फोटो. मग अक्का. ती खूप वाळली होती.

काल आयुधपूजा होती. खूप दिवसांनी घरात झेंडूचा वास आला. मी मशीन पुसलं, अक्काने हार घातला. मग नेहमीप्रमाणे सुया काढल्या. मी नको म्हणत होतो. ती ऐकणार थोडीच!

"बघ हं," ती म्हणाली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पहिल्या झटक्यात सुई ओवली. चष्म्याशिवाय. या वयात. तिचा चेहरा असा फुलला की मला अप्पाच दिसले. आणि पाठोपाठ त्यांची हातगाडीही आठवली.

मी तिच्या बाजूला उभा होतो.  हळूच हात उचलला आणि तिच्या डाव्या कानाच्या थोडा पुढे धरला. बोटं हलवली. आणखी थोडा पुढे आणला, गालाशी. पुन्हा हलवली. ती दोऱ्याकडे बघून हसत होती. मी हात पुढे आणत राहिलो. फार पुढे आणावा लागला.

मग मला तो जाळीसमोरून निघून गेलेला चेहरा आठवला. केवढी गर्दी रे ही, म्हणाली होती. माझ्या तारखा, माझे थेंब, माझा वकील, माझी कॉफी. त्या सगळ्या वाटेने ती आपटत आपटत येत होती आणि मी माझे गज मोजत होतो.

"अक्का," मी म्हणालो, "उद्या सकाळी इस्पितळात जायचं."

"उद्या कशाला? दसरा आहे. तो होऊ दे, दिवाळीची शिलाई होऊ दे, मग स्वल्प, थोडं सवडीने बघू—"

"उद्या."

माझा आवाज कसा लागला कोण जाणे, तिने दोऱ्याला गाठ मारली. सुई मशीनपुढे ठेवली आणि माझ्याकडे वळली. मला शोधायला तिला मान बरीच फिरवावी लागली. "माधवा," ती हळूच म्हणाली, "बरेच दिवस झाले रे. तुला सांगितलं नाही. तू आत होतास."

हे लिहितोय ते आज सकाळी. सणाच्या दिवशीही तातडीचा विभाग उघडा असतो, ते मी विचारून घेतलंय. अक्का आत साडी नेसतेय. दारात रिक्षा उभी आहे. कोणाचा हुकूम लागत नाही, एस्कॉर्ट लागत नाही, हाताला बेडी नाही. नुसतं रिक्षात बसायचं आणि जायचं. तुम्हाला हे रोज करता येतं. मी तिच्या डाव्या बाजूला बसणार आहे.